वालुकागिरी

वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूच्या संचयनातून तयार होणाऱ्या टेकडीस किंवा उंचवट्यास वालुकागिरी असे म्हणतात. शालेय भूगोलात ‘वाळूची टेकडी’ ही संज्ञा रूढ आहे. राजस्थानात वालुकागिरींना ‘धोरे’ किंवा ‘टीबे’ म्हणतात, तर वालुकागिरींनी व्यापलेल्या विस्तीर्ण प्रदेशाला ‘अर्ग’ हा अरबी मूळ असलेला शब्द भूगोलात वापरला जातो. वालुकागिरींची उंची एखाद्या मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत असते. चीनच्या इनर मंगोलिया प्रांतातील बादाइन जारान वाळवंटात सुमारे ४६० मीटर उंचीचे वालुकागिरी आढळतात.

वाळवंट म्हणजे सर्वत्र वाळूच्या टेकड्या, ही समजूत बरोबर नाही. जगातील वाळवंटी प्रदेशांपैकी सुमारे एक पंचमांश भागच वाळूने आच्छादलेला आहे. उर्वरित भागात खडकाळ पठारे, दगडगोट्यांची मैदाने आणि कोरड्या नद्यांची पात्रे असतात. उलटपक्षी, भरपूर पावसाच्या समुद्रकिनाऱ्यांवरही वालुकागिरी तयार होतात. त्यांच्या निर्मितीसाठी पुरेशी सुटी वाळू, ती उचलण्याइतका वेगवान वारा आणि वाळू थांबू शकेल अशी जागा यांची गरज असते. पावसाचे दुर्भिक्ष या प्रक्रियेला साहाय्य करते, पण तेवढ्याने वालुकागिरी तयार होत नाहीत. थरच्या वाळवंटाचा इतिहास पाहताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

वाळूचे वहन

वालुकागिरींमधील बहुतेक कणांचा व्यास ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. यापेक्षा बारीक धूळ वाऱ्याबरोबर उंच जाते व शेकडो किलोमीटर दूर पडते. यापेक्षा जाड खडे जागेवरच राहतात. म्हणजे वारा हा एक प्रकारची चाळणीच चालवत असतो आणि वालुकागिरीतील वाळूचा एकसारखेपणा हा त्या चाळणीचा परिणाम होय.

कोरडी, उघडी वाळू हलू लागण्यासाठी जमिनीपासून १० मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ५ ते ६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर असावा लागतो. या वेगाला सीमावेग म्हणतात. सीमावेग ओलांडला की काही कण जमिनीवरून उचलले जातात, वाऱ्याच्या दिशेने ढकलले जातात आणि तिरप्या रेषेत खाली येऊन आदळतात. प्रत्येक आघाताने आणखी काही कण उडतात आणि पाहता पाहता जमिनीलगत वाळूचा एक वाहता थर तयार होतो. कणांच्या या उड्या मारत जाण्याला उत्प्लवन म्हणतात. एकूण वहनापैकी सुमारे तीन चतुर्थांश वाळू अशा रीतीने पुढे जाते. उरलेले जाड कण आघातांचे धक्के खात जमिनीवरूनच सरपटत राहतात. उत्प्लवन करणारे बहुसंख्य कण गुडघ्याच्या उंचीपलीकडे जात नाहीत. म्हणूनच वाळूचे वादळ आणि धुळीचे वादळ या दोन वेगळ्या घटना आहेत. धुळीच्या वादळात आकाश झाकोळते, तर निव्वळ वाळू वाहत असताना पायांना चटके बसतात आणि डोक्यावर आकाश बहुधा स्वच्छ असते.

या प्रक्रियेचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी केला. १९२० व १९३० च्या दशकांत त्यांनी मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात दीर्घ मोहिमा काढल्या आणि नंतर लंडनमध्ये वातविवरात प्रयोग केले. त्यांचा ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहून जाणाऱ्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या जमिनीवरील घर्षणवेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा त्यातील प्रमुख निष्कर्ष होय. सीमावेगाच्या बराच वर असलेला वारा दुप्पट झाला, तर वाळूचे वहन सुमारे आठपट होते. त्यामुळे वर्षभराच्या सरासरी वाऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. वर्षातील मोजक्या वादळी दिवसांत जेवढी वाळू हलते, तेवढी उरलेल्या मंद वाऱ्याच्या महिन्यांत मिळूनही हलत नाही.

रचना आणि स्थलांतर

एखादे झुडूप, खडक किंवा वाळूचाच लहानसा ढीग वाऱ्याला अडवतो आणि तेथे वाळू साचू लागते. एकदा ढीग झाला की तो स्वतःच पुढील वाळूला अडवतो. तथापि वालुकागिरी कितीही लहान असू शकत नाही. वाऱ्याला आपल्या क्षमतेइतकी वाळू उचलण्यासाठी काही अंतर कापावे लागते. त्या अंतरापेक्षा लहान ढीग झिजून जातो. पृथ्वीवर बारखाण प्रकारचा सर्वांत लहान वालुकागिरी सुमारे एक मीटर उंच व दहा मीटर लांब असतो, याचे कारण हेच आहे. वाळूवर दिसणारी काही सेंटिमीटर अंतरावरची ऊर्मिचिन्हे म्हणजे लहान वालुकागिरी नव्हेत. ती कणांच्या आघातांतून निर्माण होतात आणि त्यांची यंत्रणा वेगळी आहे.

पूर्ण विकसित वालुकागिरीला दोन असमान उतार असतात. वातसन्मुख बाजूचा उतार मंद, सुमारे १० ते १५ अंशांचा असतो. या बाजूने वर चढताना वाऱ्याचा वेग वाढतो व तो वाळू माथ्याकडे नेतो. माथ्यापलीकडे हवेचा प्रवाह जमिनीपासून सुटतो, वेग एकाएकी कमी होतो आणि वाळू खाली पडते. तेथे ढीग वाढत जाऊन उतार ३० ते ३४ अंशांपर्यंत पोहोचला की वाळू स्वतःच्या भाराने घसरते. या कोनाला विरामकोन म्हणतात आणि वातविन्मुख बाजूच्या या तीव्र उताराला घसरण-उतार. धान्याची रास ओतताना तिच्या कडांचा उतार एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यातलाच हा प्रकार. काही वाळवंटांत अशी घसरण होताना दूरवर ऐकू जाणारा घुमणारा आवाज येतो.

मागची वाळू निघून पुढे साचत गेल्यामुळे संपूर्ण टेकडी वाऱ्याच्या दिशेने सरकते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: टेकडीचा आकार टिकून राहतो, पण तिच्यातील कण सतत बदलत नसले तरी त्यांची जागा मात्र सतत बदलते. घसरण-उतारावर गाडला गेलेला कण टेकडी त्याच्यावरून पूर्णपणे सरकून जाईपर्यंत तसाच पडून राहतो आणि मग मागच्या बाजूला पुन्हा उघडा पडतो.

सरकण्याचा वेग टेकडीच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, माथ्याच्या प्रत्येक मीटर रुंदीवरून वर्षाला ६० घनमीटर वाळू जाते. तीन मीटर उंचीची टेकडी तेवढ्या वाळूने २० मीटर पुढे जाईल, पण ३० मीटर उंचीची टेकडी केवळ दोन मीटर. गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यामुळे मोठा डोंगरासारखा धोरा तितकासा घातक नसतो. शेत, विहीर किंवा रस्ता गाडणारी वाळू बहुधा लहान, उघड्या व चपळ टेकड्यांची किंवा मोठ्या धोऱ्याच्या मोकळ्या माथ्यावरून सुटलेली असते.

आकार आणि वाऱ्याच्या दिशा

वालुकागिरीचा आकार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: वाऱ्याची दिशा वर्षभरात किती बदलते आणि वाळूचा पुरवठा किती आहे. वॉसन आणि हाइड या संशोधकांनी १९८३ मध्ये जगभरातील वाळवंटांची या दोन निकषांवर तुलना केली. त्यापूर्वी १९७९ मध्ये एडविन मॅकी यांनी संपादित केलेल्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथात उपग्रहचित्रांच्या आधारे जगातील वालुकासागरांचे वर्गीकरण करण्यात आले होते.

वारा जवळजवळ एकाच दिशेने वाहतो आणि वाळू कमी असते, तेव्हा बारखाण तयार होतात. वरून पाहता ते चंद्रकोरीसारखे दिसतात. कोरीच्या दोन्ही कडांना उंची कमी असल्यामुळे त्या मध्यभागापेक्षा वेगाने सरकतात, म्हणून बारखाणाची शिंगे वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे पुढे असतात. पेरूच्या किनारी वाळवंटातील बारखाण वर्षाला १० ते ३० मीटर सरकतात. लहान बारखाण मोठ्याला मागून गाठतो, त्यात मिसळतो आणि मोठ्याच्या शिंगांजवळून नवा लहान बारखाण सुटून पुढे जातो. दुरून पाहिल्यास लहान टेकडी मोठीच्या आरपार गेल्याचा भास होतो.

वारा एकाच दिशेचा, पण वाळू मुबलक असेल, तर बारखाण एकमेकांना जोडले जाऊन वाऱ्याला काटकोनात आडव्या रांगा तयार होतात.

वर्षातून दोन वेगवेगळ्या दिशांनी वारे वाहत असतील, तर त्यांच्या मधल्या दिशेला समांतर अशा लांबच लांब रेषीय टेकड्या उभ्या राहतात. यांनाच सैफ असेही म्हणतात. अरबीत सैफ म्हणजे तलवार. अरबस्तानातील रब-अल-खाली, ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन आणि आफ्रिकेतील नामिब या वाळवंटांत त्या दहा-दहा किलोमीटर व त्याहून अधिक लांबीच्या असतात. टेकडीचा कणा कोणत्या दिशेला असेल, हे सर्व वाऱ्यांची बेरीज करून काढलेल्या दिशेवरून ठरते असे पूर्वी मानले जाई. १९८७ मध्ये रुबिन आणि हंटर यांनी फिरत्या तबकडीवरील वाळूच्या प्रयोगांनी दाखवले की, ज्या दिशेला कणा ठेवल्यास दोन्ही बाजूंनी मिळून त्याच्यावरून सर्वाधिक वाळू जाते, ती दिशा टेकडी घेते.

वारे अनेक दिशांनी येतात आणि वाळू भरपूर असते, तेव्हा तारकाकृती वालुकागिरी उभे राहतात. एका दिशेने गेलेली वाळू दुसऱ्या ऋतूत परत येते, म्हणून ही टेकडी फारशी सरकत नाही, उंच मात्र होत जाते. मोरोक्कोतील लाला लल्लिया या सुमारे १०० मीटर उंच तारकाकृती टेकडीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा तळ सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा, परंतु वरचा बहुतेक भाग गेल्या सुमारे एक हजार वर्षांतला असल्याचे आढळले. ती वर्षाला सुमारे अर्धा मीटर पश्चिमेकडे सरकते.

या सर्व प्रकारांत वनस्पतींचा विचार नाही. वनस्पती आल्या की आकारही बदलतो आणि अन्वस्ताकार वालुकागिरी तयार होतात. टेकडीच्या कमी उंचीच्या कडांवर गवत व झुडपे मूळ धरतात, त्या कडा जागीच अडकतात आणि उघडा मध्यभाग मात्र पुढे सरकत राहतो. परिणामी आकार पुन्हा कोरीचाच दिसतो, पण उलटा: शिंगे मागे, वारा येतो त्या बाजूला. बारखाण आणि अन्वस्ताकार टेकडी यांची विद्यार्थ्यांकडून नेहमी गल्लत होते. नकाशावरून वाऱ्याची दिशा ओळखायची असेल, तर आधी टेकडीवर झाडोरा आहे की नाही हे पाहणे श्रेयस्कर.

हवामानाचा प्रभाव

वारा टेकडीला आकार देतो, पण ती टेकडी जिवंत राहील की निद्रिस्त होईल हे वारा, पाऊस आणि उष्णता या तिन्हींवर अवलंबून असते. ओली वाळू हलत नाही, हा पावसाचा परिणाम तात्पुरता असतो. वाळू काही तासांत पुन्हा सुकते. पावसाचा खरा प्रभाव वनस्पतींमार्फत पडतो. विरळ गवतसुद्धा जमिनीलगतच्या वाऱ्याचा जोर मोडते. वालुकागिरीची वाळू पाणी चटकन आत घेते आणि वरचा थर सुकल्यावर खालची ओल टिकून राहते. त्यामुळे तितक्याच पावसात चिकणमातीपेक्षा टेकडीवर झुडपे अधिक तग धरतात.

निकोलस लँकेस्टर यांनी १९८८ मध्ये या घटकांना एकत्र गुंफणारा गतिशीलता निर्देशांक सुचवला. वर्षातील किती टक्के वेळ वारा सीमावेगाच्या वर असतो, त्या आकड्याला वार्षिक पर्जन्य आणि संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन यांच्या गुणोत्तराने भागले की निर्देशांक मिळतो. तो २०० च्या वर असेल, तर टेकड्या पूर्णतः चल असतात. ५० ते १०० दरम्यान केवळ माथे हलतात. ५० च्या खाली त्या स्थिर होतात. उदाहरणार्थ, वारा वर्षाचा ३० टक्के वेळ सीमावेगाच्या वर आणि पर्जन्य बाष्पपर्णोत्सर्जनाच्या एक दशांश असेल, तर निर्देशांक ३०० येतो. पाऊस तिप्पट झाल्यास तोच १०० वर उतरतो. हा निर्देशांक ढोबळ आहे. एकदा वनस्पतींनी झाकलेली टेकडी थोड्या कोरड्या काळात लगेच उघडी पडत नाही आणि एकदा उघडी पडलेली टेकडी थोड्या पावसाने लगेच झाकली जात नाही. एकाच हवामानात चल आणि स्थिर टेकड्या शेजारी शेजारी दिसतात, त्या यामुळेच.

थरचे वाळवंट

थरच्या पूर्व कडेला, अरवलीच्या बाजूस, वार्षिक पर्जन्य सुमारे ४०० ते ५०० मिलिमीटर आहे, तर पश्चिमेस जैसलमेरपलीकडे ते १०० मिलिमीटरच्या आसपास येते. वालुकागिरींचे स्वरूपही याच क्रमाने बदलते. पूर्व व मध्य भागात झाडोऱ्याने धरून ठेवलेले जुने अन्वस्ताकार धोरे आहेत, तर पश्चिमेकडे आडव्या रांगा आणि बारखाण वाढत जातात. अन्वस्ताकार धोऱ्यांच्या शिंगांचा रोख नैर्ऋत्येकडे आहे, कारण येथे वाळू हलवणारा वारा नैर्ऋत्य मोसमी वारा होय.

मे-जूनमध्ये सिंध-राजस्थानवर तीव्र कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो आणि अरबी समुद्राकडून वारा त्याकडे ओढला जातो. पश्चिम राजस्थानात पाऊस मात्र बहुधा जुलैमध्ये पोहोचतो. मधले काही आठवडे जमीन वर्षातील सर्वाधिक कोरडी व उघडी आणि वारा सर्वाधिक जोराचा असतो. कोकणाला पाऊस देणारी प्रणालीच थरमध्ये वाळू हलवते. हिवाळ्यातील ईशान्य वारे येथे इतके क्षीण असतात की टेकडीच्या आकारावर त्यांचा प्रभाव नगण्य आहे.

अरवलीच्या पूर्वेस आणि गुजरातेत, आज ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या व शेतीखाली असलेल्या जमिनीतही जुने धोरे आढळतात. गूडी, ऑल्चिन आणि हेगडे यांनी १९७३ मध्ये त्यांच्या आधारे वाळवंटाचा पूर्वीचा विस्तार दाखवला. तेव्हा साहजिकच असा तर्क होता की, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या परमावधीत, मोसमी पाऊस क्षीण असताना, हे धोरे उभे राहिले असावेत. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे सांगणाऱ्या संदीप्ती कालमापनाने हा तर्क बदलला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी व इतरांच्या अभ्यासानुसार परमावधीच्या काळात थरमध्ये वाळूचे संचयन उलट मंद होते. ते वाढले त्यानंतर, सुमारे १४,००० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या संक्रमणकाळात. स्पष्टीकरण सरळ आहे: पाऊस क्षीण होता तेव्हा मोसमी वाराही क्षीण होता. वाळू होती, कोरडेपणा होता, पण वाहून नेणारा नव्हता. मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले आणि वनस्पतींचे आच्छादन अद्याप विरळ होते, त्या मधल्या काळात धोरे वाढले. पुढे पाऊस स्थिरावल्यावर ते झाकले गेले.

पूर्वी नागौर जिल्ह्यात असलेल्या डीडवाना येथील ‘१६ आर’ या धोऱ्याचा सुमारे १८ मीटर खोलीचा छेद या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. वाळूच्या थरांमध्ये चुनखडीच्या गाठींचे, म्हणजे टेकडी स्थिर असतानाचे, थर आढळतात आणि निरनिराळ्या पातळ्यांवर पुराश्मयुगीन दगडी हत्यारे मिळतात. वालुकागिरी वाढत होता आणि थांबत होता, त्या सर्व काळात माणूस तेथे येत-जात होता.

आज थरमधील धोऱ्यांची चलता हवामानापेक्षा मानवी वापरावर अधिक अवलंबून आहे. पूर्वी धोऱ्यांच्या उतारावर उंटाच्या नांगराने उथळ पेरणी होई व मध्ये जमीन पडीक ठेवली जाई. ट्रॅक्टरमुळे खोल नांगरणी होऊ लागली, झुडपांची मुळे उपटली गेली आणि शतकानुशतके स्थिर असलेल्या धोऱ्यांचे माथे पुन्हा हलू लागले. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (काजरी, स्थापना १९५९) टेकड्या स्थिर करण्याची पद्धत विकसित केली. प्रथम गुरांपासून क्षेत्र राखले जाते. नंतर खींप, बोर, सिणिया यांच्या फांद्या वाऱ्याला आडव्या रांगांत किंवा चौकटींत रोवल्या जातात आणि त्यांच्या आडोशाला खेजडी (शमी), इस्रायली बाभूळ, फोग व सेवण गवत लावले जाते. फांद्यांचे कुंपण दोन-तीन वर्षांत कुजते. तोवर रोपांनी मूळ धरलेले असावे लागते. राखण ढिली पडली तर सर्व श्रम वाया जातात, हा या कामातील नेहमीचा कच्चा दुवा होय.

किनारी वालुकागिरी

समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा पुरवठा लाटांकडून होतो. ओहोटीला उघडी पडून सुकलेली वाळू समुद्रावरून येणारा वारा भरतीरेषेमागे नेतो. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील पिला ही १०० मीटरहून उंच टेकडी वर्षाला काही मीटर आत सरकत पाइनच्या जंगलावर चढते आहे.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील टेकड्या लहान आहेत. हिवाळा व उन्हाळ्यात दुपारचे वायव्येकडील समुद्री वारे पुळणीवरची वाळू मागे लोटतात आणि मर्यादवेल व स्पिनिफेक्ससारखे गवत ती धरून ठेवते. पावसाळ्यात वारा कितीही जोराचा असला, तरी वाळू ओली असल्यामुळे वहन थांबते. त्याऐवजी मोठ्या लाटा टेकडीचा पायथा खातात व ती वाळू उथळ समुद्रात नेतात. पावसाळा सरल्यावर शांत लाटा ती परत पुळणीवर आणून टाकतात. किनारी टेकडी ही म्हणजे वाळूची शिल्लक असते. ती सपाट करून तिच्यावर बांधकाम केले, तर पावसाळी लाटांना खाण्यासाठी मागची जमीन उरते. १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत वालुकागिरी सपाट करण्यास किंवा बदलण्यास मनाई करण्यात आली आणि २०११ च्या अधिसूचनेत त्यांचा समावेश सर्वाधिक संरक्षित अशा पहिल्या वर्गात झाला. पुळणीमागे सुरूच्या झाडांची सरसकट लागवड हा वादाचा विषय आहे: सुरू वारा अडवतो, पण त्याच्या सुयांच्या दाट थराखाली टेकडी बांधणाऱ्या स्थानिक वेली व गवत वाढत नाहीत.

पृथ्वीबाहेरील वालुकागिरी

मंगळावर बारखाण व आडव्या रांगा आहेत. तेथील विरळ हवेतही वालुकागिरी सरकत असल्याचे उपग्रहचित्रांवरून दिसले आहे. शनीचा उपग्रह टायटन याच्या विषुववृत्तीय पट्ट्यात कॅसिनी यानाच्या रडारने शेकडो किलोमीटर पसरलेल्या रेषीय टेकड्या टिपल्या. त्यांतील ‘वाळू’ सेंद्रिय पदार्थांची आहे. टेकड्यांच्या आकारावरून वाळू पूर्वेकडे जात असावी असे दिसते, पण गणिती प्रतिमानांनुसार तेथील नेहमीचे वारे उलट, पश्चिमेकडे वाहतात. बॅग्नोल्ड यांच्या घनाच्या नियमाकडे पाहता एक उत्तर सुचवले गेले आहे: टायटनच्या विषुवकाळात क्वचित येणारे वादळी पश्चिमी वारे थोड्या वेळात जेवढी वाळू हलवतात, तेवढी नेहमीच्या मंद वाऱ्यांना कधीच हलवता येत नाही.